अनुभव धागा: गॅरेजच्या विनाइल टाइल्स (आणि त्यांच्याखाली काय सापडतं)

परदेशी_सांगलीकर

शनिवारी गॅरेज झाडताना दाराजवळची एक टाइल बुटाला अडकून उचकटली. उचलली तर खाली काँक्रीटवर पेन्सिलीने लिहिलेलं: "१९-७॥. गुण्यात नाही." बाबांचं अक्षर. गुण्यात नाही म्हणजे कोपरा काटकोनात नाही. हा ग्लू वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे काचेखाली फोटो ठेवावा तसं तेरा वर्षं जसंच्या तसं राहिलंय. झाडू बाजूला ठेवून तिथेच बसलो.

२०१२ च्या उन्हाळ्यात आईबाबा मिशिगनला आले होते. बाबा जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होते, इथे त्यांना काही कामच नाही. कॉलनीला चक्कर मारून वीस मिनिटांत परत. चौथ्या दिवशी गॅरेजमध्ये उभे राहून पायाने जमीन घासत म्हणाले, "कोबा धूळ सोडतोय रे. घोटाई नीट झालेली नाही." तिथून सुरुवात.

शाळा-दवाखान्यांत असतात त्या बारा इंची व्हीसीटी (विनाइल कॉम्पोझिशन टाइल) घेतल्या. नाव विनाइलचं, आत बहुतेक चुनखडीची भुकटीच. खोक्यात ४५ येतात. दोन गाड्यांचं गॅरेज, ४०० चौरस फूट धरून नऊ खोकी, तुटफूट म्हणून दहावं. ती आणताना गाडीचं नाक आभाळाकडे.

मग मापं. मागची भिंत वीस फूट, दाराकडची बाजू १९ फूट साडेसात इंच. दोन्ही कर्ण वेगळे आले तेव्हा बाबांनी बिल्डरचा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही. त्यांनी तीन-चार-पाच फुटी बाजूंचा त्रिकोण करून काटकोन काढला, दोरीला नीळ लावून फटका मारून सरळ रेघ उमटवली. मी व्हिडिओ बघून मधोमधून सुरुवात करू म्हणत होतो. ते म्हणाले, "रस्त्यावरून माणसाला दार दिसतं. अख्खी टाइल दाराला, कापलेले तुकडे मागे फळ्यांखाली." ऐकलं.

एक गोष्ट ऐकली नाही. ग्लू पांढरा असतानाच मी घाईने टाइल ठेवत सुटलो. टाइल पोहायला लागल्या, सांध्यांतून ग्लू वर. "श्रीखंड थापतोयस का?" मग प्रत्येक पट्ट्याला ग्लू पसरायचा, वर जाऊन चहा घ्यायचा, येऊन बोट लावून बघायचं. चिकट लागला पाहिजे पण बोटाला आला नाही पाहिजे. दिवसाला सहा चहा झाले. आई वैतागली.

दुसरीही एक गोष्ट ऐकली नाही. "खालून ओल येते का बघ आधी," म्हणाले होते. मी म्हटलं, जून महिना आहे बाबा, कसली ओल. आता दर हिवाळ्यानंतर दाराजवळच्या दोन रांगांतल्या चार-पाच टाइल सुटतात.

बाबा २०१९ ला गेले. ही टाइल परत चिकटवू की नको, ठरत नाहीये. तुम्हीही लिहा तुमच्या गॅरेजचं, म्हणजे जरा बरं वाटेल.

कोथरूडची_काकू

छान लिहिलंय. "गुण्यात नाही" वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. आमचे हे पण कोणाकडे पाहुणे म्हणून गेले की त्यांच्या भिंतींवरून नजर फिरवतात.

बाकी आमच्याकडे गॅरेज म्हणजे स्कूटर सोडून यायची जागा, आणि "दोन दिवसांनी या" ऐकायची. गाडीला सोसायटीत एक पांढरा चौकोन आहे, त्यात शेजारच्यांची ॲक्टिव्हा असते.

मिनेसोटाचा_गारठा

टायरखालचे पिवळे-तपकिरी डाग आले का? आले असतील तर घासू नका, जात नाहीत. मी व्हिनेगर, सोडा, तो पांढरा जादूचा स्पंज, सगळं केलं. ती घाण नसतेच. टायरच्या रबरात जी रसायनं घालतात ती विनाइलमध्ये उतरतात आणि आतून रंग धरतो. पायपुसण्याच्या खाली रबर असेल तरी तेच. स्वयंपाकघरात सिंकसमोर चटई ठेवली होती, उचलली तर खाली चटईचं भूत.

शेवटी चाकं थांबतात तिथल्या टाइल काढून काळ्या बसवल्या. लोक विचारतात डिझाइन कुठून सुचलं.

परदेशी_सांगलीकर

आले ना. चार चाकांचे चार चट्टे. मला वाटलं माझीच गाडी गळतेय, मेकॅनिककडे दोनदा नेली :-)

एडिसन_ते_एरंडवणे

थांबा, एक महत्त्वाचं. कोणी जुनं घर घेतलं असेल आणि टाइल नऊ इंची असतील तर हात लावू नका. आमचं घर १९५७ चं. तळघर आणि गॅरेजमध्ये नऊ बाय नऊच्या, खाली काळा डांबरासारखा ग्लू. नवरा शनिवारी सकाळी खरवडणी घेऊन तयार. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून ओरडून थांबवलं, अक्षरशः. तपासायला तुकडा पाठवला, अ‍ॅसबेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) निघालं. टाइल अख्खी असेल तोवर ते बांधलेलं असतं, फोडलं-घासलं की हवेत. त्या काळ्या ग्लूमध्येही असू शकतं, म्हणून तो तर मुळीच घासायचा नाही.

काढून घ्यायचा खर्च ऐकून वरूनच दुसरं फ्लोअरिंग घातलं. आजोबांना दर दिवाळीला चकल्या जातात. त्यांना वाटतं आम्ही त्यांच्यावर फार प्रेम करतो. करतोच.

निवांत_वाचक

वाचतोय.

ह्यूस्टनची_वहिनी

आमच्या चिकटवायच्या नव्हत्या. एकमेकींत अडकवायच्या असतात ना, कोड्याच्या तुकड्यांसारख्या, त्या. काळ्या आणि राखाडी. एका दिवसात झालं, नवरा छाती काढून फोटो टाकतोय. दार पश्चिमेला. जुलैत एका संध्याकाळी दार उघडलं तर मधोमध फरशी पापडासारखी फुगलेली, खाली मांजर जाईल एवढी. उन्हाने विनाइल पसरतं, भिंतीपाशी बोटभर तरी फट सोडायला हवी होती, यांनी अगदी टेकवून बसवलेल्या, "फिनिशिंग" म्हणून.

कडेने पाव इंच कापल्यावर झोपली परत. तरी त्या जागी पाऊल पडलं की टक्क वाजतं. मुलं मुद्दाम उड्या मारतात.

तात्या_पुणेकर

म्हणजे आपलं जुनं लिनोलियम ना हे? आमच्या पेठेतल्या घरात जेवायच्या खोलीत होतं, हिरवं, कोपरे वर आलेले.

एडिसन_ते_एरंडवणे

तात्या, बहुतेक ते पण विनाइलच असेल, आपल्याकडे सगळ्यालाच लिनोलियम म्हणतात. खरं लिनोलियम जवसाच्या तेलाचं. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६३ साली पेटंट घेतलं. तेल हवेवर घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाची भुकटी, खाली तागाचं कापड. विनाइल म्हणजे प्लास्टिक.

तात्या_पुणेकर

जवसाची फरशी! आणि आम्ही चटणी करून खातोय.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, जवसाची चटणी आमच्याकडची खा एकदा, मग फरशीचं नाव नाही काढणार.

मिनेसोटाचा_गारठा

विषय कुठे चाललाय :-))

हळदीकुंकू

आमचं वेगळं. आमच्या गॅरेजमध्ये गणपती बसतो. घरात साठ माणसं मावत नाहीत, सप्टेंबरात हवा बरी असते, मग गाड्या रस्त्यावर आणि बाप्पा आत. त्यासाठीच पांढऱ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल घातल्या, ही पहिली चूक.

पहिल्याच वर्षी आरतीच्या गर्दीत हळदकुंकवाचं ताट उपडं झालं, त्यावर कोणाचा तरी ओला पाय. सासूबाई म्हणाल्या शुभ आहे. पुसलं, घासलं, हळद पिवळी ती पिवळीच. मग आईने फोनवर सांगितलं, उन्हात ठेव. जमीन उन्हात कशी ठेवू? तर दार उघडं ठेवलं रोज दुपारी, आठवडाभरात हळद उडाली! कुंकू मात्र आहे. दाराच्या डाव्या हाताला एक गुलाबी पाऊल, टाचेचं आणि चार बोटांचं. कोणाचं ते दर वर्षी सगळे आपापला पाय ठेवून बघतात. अजून कोणाचंच बसलं नाही.

कोथरूडची_काकू

बाप्पाचंच असेल गं.

ह्यूस्टनची_वहिनी

अंगावर काटा.

एडिसन_ते_एरंडवणे

चार बोटं म्हणजे करंगळी टेकली नाही एवढंच. (सॉरी, सवय.)

चकाचक

निगा राखायचं कोणी लिहिलंच नाही म्हणून मी. व्हीसीटी नुसती ठेवायची नसते, ती मळ पिते. वर फिनिशचे (पॉलिशसारख्या द्रवाचे) हात द्यावे लागतात. पातळ हात, एक वाळला की आडवा दुसरा. मी पाच दिले, आरसा झाला. ही म्हणाली ताट न घेता जेवता येईल. पहिल्या बर्फाला बूट घालून आत आलो आणि थेट कार्टरायटरसारखा घरंगळत भिंतीला. माकडहाड महिनाभर.

शिवाय हायवेवरून गरम टायर घेऊन आलात आणि तशीच गाडी उभी केलीत तर टायर फिनिशला चिकटतो, सकाळी गाडी काढली की टायरच्या नक्षीचा पापुद्रा निघून येतो. आता चाकांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवतो आणि फिनिशचे दोनच हात देतो. पुसायला साधा न्यूट्रल क्लीनर, अमोनियाचं काही नको, त्याने फिनिश उतरतं. जॅक लावताना खाली प्लायवूडचा तुकडा. बाइकच्या स्टँडने पडलेला खळगा भरत नाही, अनुभवाचे बोल.

मिनेसोटाचा_गारठा

कार्टरायटर???

चकाचक

कॅरमचा स्ट्रायकर लिहीत होतो. फोन. एका हाताने कणीक मळतोय.

ह्यूस्टनची_वहिनी

कणीक मळणारा आणि फरशी चकाकवणारा नवरा. वहिनींना नमस्कार सांगा.

मांडवीच्या_काठी

आमचं गोव्याचं घर. टाइल नाही काही नाही, लाल कोबा. आजी खोबरेलाचा बोळा फिरवायची, बसून, मागे मागे सरकत. दुपारी उघड्या पाठीने त्यावर झोपायचं. भावाने मागच्या वर्षी त्यावर लाकडासारखं दिसणारं विनाइल घातलं. पावसाळ्यात कडा सुटल्या, खालून वास. जुन्या घराला खालून ओल येणारच, कोबा ती सोडून देत होता, आता ती कोंडते. भावाशी बोलणं जरा कमी झालंय. असो.

निवांत_वाचक

गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्या दुकानातल्या फळीखाली त्यांचा हिशेब सापडला, खडूने. पुसला नाही. सांगलीकर, तुम्हीही चिकटवू नका एवढंच सांगायचं होतं.

परदेशी_सांगलीकर

निवांत, थँक्यू. सगळ्यांनाच.

मिनेसोटा, तुमचं वाचून काळ्या टाइल बघून आलो. रंग जुळत नाही, पण चट्ट्यांपेक्षा बरं.

आणि तेरा वर्षांनी बाबांची परीक्षा दिली. टाइल सुटली त्या जागेला लागून दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवला, दुसऱ्या दिवशी काढला. आतून थेंब नाहीत, काँक्रीट काळवंडलेलं नाही. म्हणजे जमिनीतली ओल नसावी. मग गुडघ्यावर बसून सांधे बघितले तर पांढरी मिठाची रेघ. मीठ! डेट्रॉइटच्या पोटातच मिठाची खाण आहे, हजार फुटांहून खोल, आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ म्हणजे पोह्यांवर खोबरं. ते गाडीच्या खाली चिकटून घरी येतं, बर्फ वितळतं, गॅरेजला दाराकडे ढाळ असतो म्हणून ते खारं पाणी नेमकं त्या दोन रांगांत उतरतं. मी तिथे फिनिश कधी दिलंच नव्हतं, बाहेरून कोण बघतंय म्हणून. बाहेरून तेच बघतात, बाबांनी सांगितलं होतं.

आता हिवाळ्यात आठवड्याला एकदा फडकं मारून पाणी बाहेर. सुटलेल्या चार टाइल खरवडून परत चिकटवल्या, दहाव्या खोक्यात अजून २२ शिल्लक आहेत. ती पाचवी नुसती ठेवलीये, ग्लू न लावता. मुलाला उचलून दाखवली. "गुण्यात" म्हणजे काय ते सांगताना अर्धा तास गेला, मग तो स्वतःच्या खोलीचे कर्ण मोजायला गेला. अर्धा इंच फरक आहे म्हणतो.

एडिसन_ते_एरंडवणे

बिल्डर तोच, दुसरं काय.

कोथरूडची_काकू

नुसती ठेवलेली टाइल पायात येईल हो कोणाच्या, जपून.

परदेशी_सांगलीकर

काकू, वर कचऱ्याचा डबा ठेवलाय.

तात्या_पुणेकर

ठेचा, ती जवसाची चटणी राहिली.

वऱ्हाडी_ठेचा

तात्या, सोपी आहे. वाटीभर जवस, सुक्या मिरच्या सात-आठ, लसूण दहा पाकळ्या, जिरं, मीठ. जवस कोरडे भाजा मंद आचेवर, तडतडले की उतरवा. थंड झाल्यावर खलबत्त्यात. मिक्सरला एकसारखा फिरवला तर तेल सुटून गोळा होतो.

तात्या_पुणेकर

म्हणजे लिनोलियम.

वऱ्हाडी_ठेचा

हो. आणि भाजताना झाकण ठेवा, घरभर उडतात.