सशाची थाप मुलांना सांगावी का?

सातपुड्याचा पायथा (चोपडा):
तिसरीच्या वर्गात सिंह-सशाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी एक पालक आले. "खोटं बोलून सुटता येतं हे पोरांच्या डोक्यात कशाला भरवता?" त्यांची काळजी कळते, पण पटत नाही. पंचतंत्रातला ससा नीट बघा. आधी तो मुद्दाम रेंगाळतो. वाटेत विहिरीत डोकावतो, स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि तिथे त्याला उपाय सुचतो. मग भासुरक सिंहापुढे तो एकाच गोष्टीत सगळे हिशेब जुळवतो. घास एवढासा का? सोबत आणखी ससे होते. ते कुठे आहेत? दुसऱ्या सिंहाने ओलीस ठेवले. उशीर का? त्यानेच अडवलं. आणि तो तुम्हाला चोर म्हणाला, ही शेवटची काडी. इथे सिंह भूक विसरतो. ज्याला नखं नाहीत, सुळे नाहीत, त्याने जीव वाचवायला जे रचलं त्याला मी लबाडी म्हणणार नाही.

बोरीकाठ (अमळनेर):
सर, मी त्या पालकांच्या बाजूने. साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. मुलांना ओढ लावायला त्यांना थापेबाजांचं कौतुक करावं लागलं नाही. मुलं प्रसंग विसरतात आणि युक्ती लक्षात ठेवतात. उद्या अभ्यास न केलेला मुलगा 'वही वाटेत पडली' म्हणेल, तेव्हा त्याच्या लेखी सिंह तुम्हीच असाल.
दुसरं, ही गोष्ट पंचतंत्रात सांगतो कोण? दमनक कोल्हा, करटकाला. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडायची आहे, ती बुद्धीने तोडता येईल याचा दाखला म्हणून. पुढे बिचाऱ्या संजीवकाचा जीव जातो. दुबळ्याची म्हणून आपण जी युक्ती मिरवतो, ती तिथे दरबारातल्या कारस्थानाला कामी आली.

केळीपट्टा (रावेर):
मी सालदाराचा, म्हणजे मालकाच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा मुलगा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल, म्हणजे वर्षाची मजुरी ठरायची. वडील मालकाच्या ओट्याखाली उभे राहायचे, मालक वर बसलेला. एका आखाजीला आकडा वाढेना, तेव्हा वडील हळूच म्हणाले, "पलीकडच्या गावचे पाटील विचारत होते, पण मी म्हटलं आधी तुमच्या कानावर घालतो." मालकाने पानाची पिंक टाकली आणि आकडा वाढवला. कुणीही विचारत नव्हतं. आता सांगा, विहिरीतला दुसरा सिंह आणि हे पलीकडचे पाटील, फरक काय? वडिलांनी त्या पैशांत आम्हा भावंडांची पुस्तकं घेतली. त्यांना खोटारडे म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

बोरीकाठ:
दादा, तुमच्या वडिलांना मी नावं ठेवत नाही. पण त्यांच्यापुढे मालक होता. वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलापुढे तो नाही, म्हणून तो आईलाच मालक समजून वापरून बघतो. माझा मुद्दा वयाचा आहे.

तापीकाठची (प्रकाशा):
मुलांना सशाची सांगायचीच, तर काकोलूकीयातली, म्हणजे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रातली आधी सांगा. तहानलेला हत्तींचा कळप तळ्यावर येतो, पायाखाली सशांची बिळं तुडवली जातात. एक ससा हत्तींच्या राजाला जाऊन सांगतो, मी चंद्राचा दूत, तुमच्यावर चंद्र रागावलाय. रात्री तळ्याशी नेऊन हलत्या पाण्यात थरथरणारा चंद्र दाखवतो. हत्ती नमस्कार करून निघून जातो. थाप तीच, पाणीही तसंच, पण थापेपायी कुणी मरत नाही. हत्तीला फक्त वाट बदलायला लावली आहे. मला हा ससा जास्त हुशार वाटतो.
सिंहाच्या गोष्टीत मला खटकतं ते वेगळंच. सगळ्या प्राण्यांनी मिळून रोज एकाला पाठवायचा करार केला होता. सशाच्या आधी किती जण मुकाट गेले, याबद्दल आपण मुलांशी अवाक्षर काढत नाही. कौतुक वाचलेल्याचं करतो आणि पाळी लावणारे सुटतात.

केळीपट्टा:
ताई, हे खरं. आमच्या गल्लीत सगळेच सालदार होते आणि प्रत्येक जण ओट्याखाली एकटाच उभा राहायचा. सगळे एकत्र गेले असते तर पलीकडचे पाटील शोधून काढावे लागले नसते. पण म्हणून जो एकटा होता त्याच्या तोंडची गोष्ट काढून घेऊ नका.

सातपुड्याचा पायथा:
बोरीकाठ, वयाचा मुद्दा तेवढा सोडून देतो, कारण आमच्या तिसरीत ऊसतोडीहून परतलेली मुलं आहेत. मुकादमापुढे कसं उभं राहायचं हे त्यांना माझ्याआधी कळलंय. दमनकाची गोष्ट मात्र सातवीला घेतो. आणि ताईंचा करार उद्याच तिसरीत घेतो, 'तुम्ही असता तर पाळी लावली असती का' एवढंच विचारून.

बोरीकाठ:
विचारा. मुलं काय म्हणाली ते इथे जसंच्या तसं लिहा, सुधारून नको.