मदत हवी आहे: दोन्ही जबड्यांच्या ऑपरेशननंतर पातळ आहारात प्रोटीन कसं वाढवावं?

पेशंट वय २३, आज १२वा दिवस. दातांना रबर बँड, चावणं ६ आठवडे बंद, स्ट्रॉलाही मनाई. वजन ५४ वरून ५० किलोवर आलंय. ६० मिलीच्या सिरिंजला मऊ नळी लावून गालाच्या बाजूने भरवतोय. ओठ बधिर, त्यामुळे थोडं ओघळतंच.

मुगाचं कढण, ताक, गाळलेला पांढरा रस्सा देऊन झालं. रश्श्यातली वाटलेली खसखस मात्र फडक्यातूनही निसटते आणि टाक्यांत जाऊन बसते (तांबड्याचं तर नावच नको). दूध पचत नाही, व्हे पावडरने पोट फुगलं. शुगर, किडनी नॉर्मल.

सर्जननी रोज ७० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, जेमतेम ४० होतं. नळी न तुंबवणारं, कोल्हापुरात सहज मिळणारं, बिनदुधाचं काय द्यावं, आणि २०० मिलीत किती मिसळावं?