कझुंगुलाचा पूल सरळ का नाही?

रानवाट: ऑगस्टमध्ये आम्ही लिव्हिंगस्टोनहून चोबेला हत्ती बघायला जातोय. वाटेत झांबिया-बोत्सवाना जोडणारा कझुंगुला पूल लागतो. नकाशात तो झांबेझीवर चांगलाच वाकलेला दिसतो. सरळ बांधला असता तर सोपं पडलं नसतं का? आणि सीमेवर खोळंबा किती?

लुसाकाकर: सरळ गेला असता तर शेजारच्या देशाच्या हद्दीत शिरला असता, म्हणून वाकवलाय. झांबिया, बोत्सवाना, झिंबाब्वे आणि नामिबिया इथे जवळजवळ एकमेकांना टेकतात. झांबिया-बोत्सवानाची सामाईक सीमा जेमतेम दीडशे मीटर! तेवढ्या फटीतून 923 मीटरचा पूल काढायचा, तर वळण आलंच.

मी इथे मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो. 10 मे 2021 ला पूल खुला झाला. त्याआधी सगळी मदार पाँटूनवर, म्हणजे गाड्या नदीपार नेणाऱ्या सपाट तराफ्यावर. एका खेपेला एकच भरलेला ट्रेलर. तांब्याच्या खाणींकडून दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांकडे जाणाऱ्या गाड्या काठावर कित्येक दिवस तुंबून राहायच्या. ड्रायव्हर गाडीखालीच चूल मांडायचे, तिथेच झोपायचे. घरचा फोन आला की ‘अजून नंबर लागला नाही’, एवढंच सांगायचे. 2003 मध्ये तर जास्त माल भरलेल्या ट्रकमुळे पाँटून कलंडलं आणि 18 माणसं बुडाली. पर्यटकांना हा पूल फोटोपुरता वाटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पूलकरी: बांधणीचं सांगतो. मनोरे बुटके आणि त्यांतून निघणाऱ्या केबल, असा हा एक्स्ट्राडोज्ड प्रकार. मधोमध रेल्वेच्या एकेरी मार्गाची सोय, दोन्ही अंगांना रस्ता, कडेला पादचारी मार्ग. वळणावर केबलचा ताण सांभाळणं हे किचकट काम, आणि दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीने ते छान केलंय.

रानवाट: वा! मग शिक्के दोन्हीकडे मारायचे का?

लुसाकाकर: नाही. ‘वन स्टॉप’ पद्धत आहे. ज्या देशात शिरताय, त्याच काठावर दोन्ही देशांचे अधिकारी बसतात. म्हणजे जाताना पूल ओलांडून बोत्सवानाच्या बाजूला दोन्ही शिक्के, परतताना झांबियाच्या बाजूला. ट्रकची रांग वेगळी असते, तिच्यात घुसू नका. आणि रांगेतल्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोला. पाँटूनचे दिवस काढलेला कुणी भेटला, तर सगळं सांगेल.