अनुभव धागा: 'सगळ्यात मोठा नट कोण?' यावरून तुमच्याकडं काय काय झालं?

हळदीचा हात (सांगली)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्याकडं पुन्हा तो विषय निघाला आणि आमटी गार झाली. म्हणून हा धागा.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते आमच्या सांगलीत. तेव्हापासून इथला प्रत्येक माणूस जन्मतःच परीक्षक असतो. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून विचारतात, "मग तुमच्या मते कोण?" अशा वेळी मत जपून द्यावं.

एकच अट आहे. नुसतं नाव टाकून पळू नका. कुठं, कुणाबरोबर, कशावरून पेटलं ते सांगा. सिनेमातलाच नट हवा, नाटकातला नको. (ही अट कुणी पाळणार नाही हे मला माहीत आहे.)

आधी माझं सांगतो. 1982 चा 'शक्ती' सांगलीत लागला तेव्हा आण्णा आणि बापूकाका दोघं सख्खे भाऊ एकत्र गेले. आण्णा दिलीपकुमारचे, काका बच्चनचे. आई गेल्यावर मुलगा बापाजवळ येऊन बसतो आणि त्याचा हात धरतो, तो प्रसंग आठवत असेल. कुणी एक शब्द बोलत नाही. तर हा प्रसंग 'मारला' कुणी, यावर थिएटरपासून मारुती रोडपर्यंत वाद झाला. पुढं फिल्मफेअर दिलीपकुमारला मिळालं, पण काकांच्या मते ते वयाकडं बघून दिलं होतं.

त्यानंतर अकरा दिवस अबोला. काका आण्णांच्या स्कूटरवर बसायचं सोडून मार्केट यार्डात चालत जायचे. आई म्हणायची, "एका घरात राहून मला टपालखातं चालवायला लागलंय."

अबोला सुटला तो हरिपुरात. तिथं जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा बाहेर पडू द्यावी लागते, लगेच उतरलं तर माणूस वर येत नाही. आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं. त्या दिवशी काका कडेला वाकले, तेव्हा आण्णा मागून अगदी हळू म्हणाले, "बापू, थांब."

काका मागं वळून म्हणाले, "मोठ्यानं बोल की. तिथंबी दिलीपकुमार व्हायला पायजे व्हय?"

आता तुम्ही.

मोती चौक

दादा कोंडके. विषय संपला.

कराडची लेक

असं म्हणणाऱ्यांमुळंच विषय संपत नाही हो.

माझी आत्या, उंडाळ्याकडच्या एका वाडीतली. निळू फुले पडद्यावर दिसले की ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. लाजून नाही, तिरस्कारानं. टीव्हीवर ते आले की म्हणायची, "आला बघ मुडदा, आता कुणाच्या तरी पोरीचं वाटोळं करणार." आम्ही तिला समजावायचो की प्रत्यक्षात हा सेवादलातला साधा, सज्जन माणूस आहे. ती म्हणायची, "तुमाला काय म्हाईत?"

मग एकदा दूरदर्शनवर 'सिंहासन' लागला. त्यात ते पत्रकार, दिगू टिपणीस. आत्या अख्खा सिनेमा वाट बघत बसली की हा आता वाड्यावर कुणाला बोलावणार. हा आपला खांदे पाडून या मंत्र्याकडून त्या मंत्र्याकडं फिरतोय, ऐकतोय, बघतोय. शेवटी तो खुळ्यासारखा हसत सुटतो. आत्या एकदम पुढं सरकली आणि मला म्हणाली, "ह्याला काय झालं गं? कुणी छळलं ह्याला?"

त्या रात्री तिनं भाकरी थापता थापता दोनदा तोच प्रश्न विचारला. पुढच्या आठवड्यात त्यांचा पाटलाच्या वेशातला कुठलासा सिनेमा लागला, तर पदर पुन्हा पुढं आलाच. पण या वेळी बाई उठून गेली नाही.

माझं मत निळू फुले. आणि परीक्षक माझी आत्या.

अजिंक्यताऱ्याखाली

वरच्या ताईंना अनुमोदन, पण अर्धंच. 'सामना'त समोर कोण होतं? डॉ. श्रीराम लागू. जन्म साताऱ्याचा, 1927 चा. धंद्यानं कान-नाक-घशाचे सर्जन. आमच्या कट्ट्यावर यावरून सरळ दोन गट आहेत. एक हिंदुराव धोंडे-पाटलांचा, म्हणजे निळूभाऊंचा, दुसरा दारुड्या मास्तरचा, म्हणजे लागूंचा. आणि 1975 ला हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, हे दर वेळी कुणीतरी सांगतंच, जणू हा स्वतः पेट्या उचलायला गेला होता.

घरातली अडचण वेगळी होती. आजी लागूंवर कायमची रुसलेली. 'देवाला रिटायर करा' म्हणाले ना ते! आजी म्हणायची, "डॉक्टर आहे, शिकलेला आहे, आणि असलं बोलतो." पण 'पिंजरा' लागला की देवघरातून उठून यायची. शुभ्र कपड्यातला मास्तर तमाशाच्या फडात तुणतुणं घेऊन उभा राहिला की तिच्या हातातली जपमाळ थांबायची. मी एकदा विचारलं, "आजी, नास्तिक माणूस आहे ना तो?" तर म्हणाली, "गप. आत्ता मास्तर आहे तो."

केबिनमधून

आजोबा सांगताहेत, मी टाइप करते आहे. ते सांगलीत थिएटरात ऑपरेटर होते.

"आमची केबिन म्हंजे भट्टी. कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यात ठिणगी. त्या जळून आखूड होत्यात, मग अंतर सारखं धरायचं, नायतर पडदा पिवळा पडतो आणि पब्लिक आईबहिणीवर येतं. दोन हजार फुटांचं रीळ, 22 मिनिटं. उजव्या कोपऱ्यात वर ठिपका आला की दुसरं मशीन चालू. ह्या सगळ्यात सिनेमा बघायचा त्या वितभर काचेतनं."

आता खरी गंमत. केबिनमधला स्पीकर कायम बिघडलेला आणि मशीनची घरघर. त्यामुळं आजोबांनी निम्मं आयुष्य सिनेमे मुके बघितले. ते म्हणतात, "मला दिलीपकुमार कधी कळलाच न्हाई. लोक म्हणायचे काय कुजबुजतो, काय कुजबुजतो. मला कुजबूज ऐकू यायला पायजे ना!"

त्यांचा नट बलराज साहनी. 'दो बिघा जमीन' 1953 चा, आजोबांनी लावला तो पुढं कितीतरी वर्षांनी, मॅटिनीला, जुन्या खरचटलेल्या प्रिंटवर. खाली पंधरा-वीस माणसं. "त्यो रिक्षा ओढतोय ना, त्याच्या पोटऱ्या बघ. पाय टाकायच्या आधी पोटरी भ्यालेली दिसती. मी हमालांच्यात वाढलोय, मला म्हाईत हाय. आवाजाची काय गरज?" त्या दिवशी कांड्यांकडं लक्ष राहिलं नाही, पडदा पिवळा पडला आणि मालकांनी बोलावून घेतलं. नोकरीतला एकुलता एक ठपका तो.

आणखी एक त्यांची मोजपट्टी आहे. कुठल्या प्रसंगाला पब्लिक लघवीला उठतं ते बघायचं. "ज्याच्या भाषणाला लोक उठत्यात त्यो हिरो. ज्याच्या गप्प बसण्याला कुणी उठत न्हाई त्यो नट."

मोती चौक

आजोबांना विचारा, दादांच्या सिनेमाला किती उठायचे?

केबिनमधून

विचारलं. म्हणाले, "कोण उठणार? जागा गेली असती."

एक निवृत्त बाई

इथवर आले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकही बाई नाही. 'नट' विचारलंय म्हणून नाही, असं कुणी म्हणू नका. 'नटी' विचारलं असतं तर तुम्ही सौंदर्यावर घसरला असतात.

1982 ला 'शक्ती' होता तसा 'उंबरठा'ही होता. मी तेव्हा शाळेत नवी, सासरी नवी. आम्ही चार शिक्षिका 'पालकभेटीला जातो' असं घरी सांगून गेलो. बाहेर पडताना चौघी गप्प. एकीनं फक्त विचारलं, "बसला वेळ आहे का?" स्मिता पाटील त्या सिनेमात कुठंच रडून मागत नाही. साडीचा पदर खांद्यावर घट्ट, मान सरळ, आणि घर सोडायचं ते एखादी फाईल बंद करावी तसं. मी घरी आले, कुकर लावला, आणि सासूबाईंनी विचारल्यावर 'पालक भेटले नाहीत' म्हणाले.

पुढं आमच्यातल्या एकीनं बाहेरून एम.ए. केलं. सिनेमामुळं केलं असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. ती 31 व्या वर्षी गेली, 1986 च्या डिसेंबरात. ती म्हणजे स्मिता. बातमी आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्हा चौघींपैकी तीन होतो.

माझं उत्तर स्मिता पाटील. यादीत कुठंतरी बसवा म्हणून नव्हे, वरती लिहा.

जतकर

माझा वेगळाच घोळ. जतच्या पूर्व भागात आमच्या घरात बोलणं कन्नड. कॉलेजला सांगलीत आलो, खोलीत पाच जण. पहिल्याच आठवड्यात हा विषय. माझी पाळी आली, मी म्हणालो, "राजकुमार."

खोली पेटली! एकानं गळ्यावरनं हात फिरवला, एकानं खुर्चीवर पाय टाकून 'जानी' सुरू केलं. अर्धा तास माझ्या नटाची नक्कल चाललीय आणि मला कळेना, आमच्या अण्णावरांनी हे कधी केलं? शेवटी उलगडा झाला. त्यांचा राजकुमार हिंदीतला. माझा डॉ. राजकुमार, कन्नड. 1995 चा फाळके पुरस्कार. स्वतः गायचे, आणि गाण्यासाठीसुद्धा राष्ट्रीय पुरस्कार घेतलेले.

त्यांचा 'बंगारद मनुष्य' 1972 चा. गावात राहून शेती करणाऱ्या माणसाची गोष्ट. आमच्या आजोबांनी तो पलीकडं विजापुरात पाहिला आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी विहीर काढायला घेतली. साठ फुटांवर पाणी लागलं, तेही खारं. आजी जन्मभर डॉ. राजकुमारला बोल लावत राहिली. पण विहिरीवर बसवलेल्या इंजिनाला हार घालताना आजोबा आधी खिशातला त्यांचा फोटो काढायचे.

तेव्हा मला सांगा, बच्चनचा सिनेमा बघून कुणी विहीर काढली का?

येरळाकाठ

जतकर, खारं पाणी मोठ्यानं सांगू नका, आमच्याकडं तेही नाही.

खटाव तालुक्यातलं सिद्धेश्वर कुरोली. राजा गोसावी इथले. पुण्यात भानुविलासच्या तिकीटखिडकीवर बसून त्यांनी स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं विकली, हा किस्सा आमच्याकडं पोरांना पाढ्यांबरोबर शिकवतात. एवढंच. विनोदी नटाला मोठा म्हणायची पद्धत नाही आपल्यात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कवलापूर फाटा

अट मोडतोय. काळू-बाळू. सिनेमा नाही, तमाशा. जुळे भाऊ, 'जहरी प्याला'तले हवालदार. एक शिंकला की दुसरा नाक पुसायचा. टेक नाही, रीटेक नाही, पुढं हजारभर माणसं आणि कडाक्याची थंडी. बाकी चालू द्या.

कृष्णाबाई (वाई)

तुमचं सगळं पडद्यावरचं. आम्ही पडद्याच्या मागनं बोलतो. प्रकाश झांनी 'मृत्युदंड' आणि 'गंगाजल'साठी आमच्या वाईचं बिहार केलं, तेव्हापासून गावात गमछा कसा टाकायचा ते पोरांना आपोआप येतं. मी बऱ्याच वेळा गर्दीत उभा राहिलोय. 'गर्दी' ही आमची भूमिका. एकदा मला वाक्य होतं, ते कापलं.

एका शूटिंगला घाटावर अंत्ययात्रा होती. मे महिना, दगड तापलेले, चप्पल घालायची बंदी. तिरडीवर एक म्हातारा नट, नाव मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही. मोठ्या हिरोला रडायचं होतं आणि ते काही केल्या जमेना. टेकवर टेक. म्हातारा तिरडीवर पडून. नाकावर माशी बसली तरी पापणी हलत नव्हती. छाती हलत नव्हती. मी उजव्या खांद्याला होतो, म्हणजे त्याचं तोंड माझ्यापासून हातभर. मला खरोखर शंका आली. मी हळूच त्याच्या पायाला हात लावून बघितला.

'कट' म्हणाले तसा तो डोळे न उघडता म्हणाला, "पोरा, बिडी हाय का?"

खाली उतरवलं तर कंटिन्युइटी जाईल म्हणून तिरडीवरच त्यानं चार झुरके घेतले. आम्ही चौघं खांद्यावर पेलून उभे, वरनं धूर. एक म्हातारी घाटावर धुणं धूत होती, ती तिथनं उठून गेली. पुन्हा 'ॲक्शन' झालं आणि हा पुन्हा मेला. काय मेला सांगू!

सिनेमा लागला तेव्हा मी मुद्दाम गेलो. पडद्यावर हिरोचा चेहराच चेहरा. तिरडीचा फक्त कोपरा आणि माझा कान.

हळदीचा हात (सांगली)

सगळं वाचलं. बाईंचं वरती लिहिलंय, वहीत. कृष्णाबाई, त्या म्हाताऱ्यांचं नाव कधी कळलं तर नक्की कळवा.

काल संध्याकाळी हा धागा आण्णांना आणि काकांना वाचून दाखवला. आण्णा आता 78 चे. आत्याच्या प्रश्नाला काका हसले, आण्णा नाही हसले. ऑपरेटर आजोबांचं ऐकून आण्णा उसळले, "कुजबूज न ऐकता दिलीपकुमार? म्हणजे मीठ न घालता भडंग!" मग काकांनी फर्मान काढलं, 'शक्ती'तला तो प्रसंग लाव. मोबाइलवर लावून दिला. दोघांना एवढ्याशा पडद्यावर दिसेना, म्हणून डोक्याला डोकं लावून बसले.

"आता बघ. आता त्याचा खांदा बघ," आण्णा.

"खांदा जाऊ दे, हात कुणी पुढं केला?" काका.

"बापानं करू दिला म्हणून केला."

"मागं घे जरा."

मागं घेतलं. पुन्हा घेतलं. साडेआठला आईनं ताटं घेतली, नऊला झाकली. मोबाइल अजून त्यांच्याकडंच आहे, हे मी पुतण्याच्या फोनवरनं लिहितोय. उत्तरं द्यायला उशीर झाला तर राग मानू नका.