विचारांना वेळ ठरवून देणे

काळजीचे विचार डोक्यात सतत घोळत असतील तर "विचार आले की झटकून टाका" असं बरेच जण सुचवतात. माझ्या बाबतीत हे कायम उलटंच पडलं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं आणि विचार आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजतच राहिल्या! शिवाय नंतर मुभा दिल्यावर अस्वल आणखीच डोक्यात घोळलं. (हे वाचतानाही आलंच असेल.)

मला उपयोग झाला तो काळजीची वेळ ठरवून टाकण्याचा. बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे तपासलं होतं: रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी विचार आला तर तो संध्याकाळसाठी राखून ठेवायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचं. मी तर सरळ वहीत एक ओळ खरडते. गंमत म्हणजे संध्याकाळी वही उघडली की निम्म्या ओळी वाचून हसू येतं. उरलेल्यांपुढे एकच प्रश्न: उद्या यावर मी नेमकं काय करणार? उत्तर असेल तर ते काम, नसेल तर ते नुसतं दळण.

पहिला आठवडा मात्र वैतागाचा जातो. आणि ही वेळ झोपण्याच्या तोंडावर अजिबात ठेवू नका, मी ती चूक केली आहे. झोप, भूक यांवरच परिणाम होत असेल तर वहीवर न थांबता समुपदेशकाला भेटा.