बॉल पायथन नोव्हेंबरपासून खात नाहीये, किती वाट बघावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे कुणी साप पाळलाय का, किंवा सापांचं कळणारं कुणी आहे का? आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलाचा बॉल पायथन आहे, नर, सहा वर्षांचा, नाव लाडू. मुलगा कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेलाय त्यामुळे लाडूचं सगळं आता मीच बघते, आणि खरं सांगते, जीव लागलाय त्याच्यावर.

तर झालंय असं की थंडी सुरू झाली तसं त्याने खाणं सोडलं ते आता फेब्रुवारी अर्धा संपला तरी तेच. आधी दोन आठवड्यांनी एक मध्यम उंदीर खायचा. फ्रोझन मिळतो तो फ्रिजमध्ये वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा आणि चिमट्याने समोर धरायचा, की क्षणात झडप. आता जवळ येतो, जीभ काढून वास घेतो आणि तोंड फिरवून परत आपल्या बिळात. रात्रभर आत ठेवून बघितला, सकाळी जसाच्या तसा.

टँकचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येणार. गरम बाजू ९० फॅरनहाइट, थर्मोस्टॅट लावलेला आहे, थंड बाजू ७८, दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास. लपायला दोन्ही बाजूंना अंगाला घट्ट बसतील अशा जागा आहेत. पाणी रोज बदलते, पितो. गेल्या काही महिन्यांत टँक हलवला नाही, काही बदललं नाही.

वजन १४०० ग्रॅम होतं, आता १३१० आहे. दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर (त्याचा वेगळा घेतलाय) टोपलीत ठेवून करते. नाकातोंडातून फेस नाही, श्वासाला घरघर नाही, तोंड उघडं टाकून बसत नाही, अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) दिसत नाहीत, रात्री नेहमीसारखा फिरतो.

वाचलंय त्यावरून मोठे नर विणीच्या काळात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, महिनोन्महिने खात नाहीत आणि त्यात काळजीचं काही नसतं. मुलगाही तेच म्हणतो, आई तू थांब. पण समोर रोज बघणारी मी आहे, मला कळत नाही की हा ऋतूचा उपास कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो. माझा मुख्य प्रश्न हाच आहे. वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं की डॉक्टर गाठायचा असं ठरवलंय, ही रेघ बरोबर आहे का की उशीर होईल?

दुकानदार म्हणतो जिवंत उंदीर सोडा, लगेच खाईल. ते मी करणार नाही. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, पार पाठीचं हाड दिसेपर्यंत जखमा झालेले साप असतात. तोंड उघडून जबरदस्तीने भरवायलाही मन धजत नाही, त्या ताणाने तो उलटी करेल आणि आणखी खंगेल. आणि गावाकडून फोनवर दूध पाजायचा सल्ला आलाय, कृपया इथे तो देऊ नका, सापाला दूध पचत नाही.

नीट सांभाळला तर हा प्राणी खूप जगतो हो. सेंट लुईसच्या प्राणीसंग्रहालयातल्या साठीच्या पुढच्या मादीने २०२० साली अंडी घातली होती. म्हणून वाटतं माझ्या हातून याचं काही कमी पडू नये.

भर: खाली कात टाकण्याबद्दल विचारलंय. डिसेंबरात टाकली, अख्खी एका तुकड्यात, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे निळसर होतात आणि तेव्हा तो बरेचदा खात नाही, पण आत्ता डोळे निळसर नाहीत म्हणजे ते कारण नसावं. हातात घेणं मी कमीच केलंय, फक्त वजनापुरतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर तासभर अंतरावर आहेत, मार्चच्या पहिल्या आठवड्यातली वेळ मिळालीय. एवढ्या थंडीत गाडीतून न्यायचं तर गरम कसा ठेवायचा, तेही कुणी केलं असेल तर सांगा. आणि तोवर दर आठवड्याला उंदीर दाखवत राहू, की तीन-चार आठवडे पूर्ण शांत ठेवू?