आजोबांचा तीन स्प्रिंगांचा टेबल लॅम्प: दुरुस्त करावा की भंगारात द्यावा?

प्रश्न (अंबाजोगाई)
नमस्कार. आमच्या जुन्या वाड्याचे माळवद उतरवताना कोठीत आजोबांचा टेबल लॅम्प सापडला. आजोबा वकील होते आणि रात्री उशिरापर्यंत याच दिव्याखाली दावे लिहीत असत. बैठक जड, लोखंडी. दांडा दोन ठिकाणी मुडपणारा आणि तळाशी तीन स्प्रिंगा. शेडच्या आतला पांढरा रंग बल्बच्या उष्णतेने तपकिरी पडला आहे. दिवा लावला की उजेड फक्त कागदावर पडतो, बाकीची खोली अंधारात राहते आणि, का कोण जाणे, लिहायला बसावेसे वाटते. अडचण एवढीच, की दांडा वर उचलून सोडला की तो हळूहळू खाली येतो आणि शेड टेबलाला टेकते. वायरमन म्हणतो, भंगारात घाला. आपणांस काय वाटते? आणि या दिव्याची एवढी ओढ का वाटावी?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
भंगारात मुळीच देऊ नका. या घडणीचा मूळ दिवा जॉर्ज कारवर्डाइन या इंग्लिश अभियंत्याचा आहे. ते मोटारींच्या सस्पेन्शनवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या रचनेवर, काम करणारे गृहस्थ. स्प्रिंगांचा अभ्यास करताना त्यांना अशी मांडणी सापडली, की दांडा कोणत्याही कोनात नेला तरी वजनाची ओढ आणि स्प्रिंगांची ओढ एकमेकींना तोलून धरतात. 1932 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे इंग्लंडमधील रेडिच येथील हर्बर्ट टेरी या स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीने हा दिवा ‘अँगलपॉइज’ या नावाने बाजारात आणला. आधीचा नमुना चार स्प्रिंगांचा होता. घरगुती वापरासाठी आलेला तीन स्प्रिंगांचा नमुना 1935 नंतर प्रसिद्धीस आला. पुढे 1937 साली नॉर्वेच्या याक याकोबसेन यांनी याच तत्त्वावर ‘लक्सो’ दिवा काढला. बैठकीवर किंवा दांड्यावर नाव उठवलेले आहे का, ते पाहा. नसले तरी तत्त्व तेच.

ओढ वाटण्याचे कारण, माझ्या मते, हेच आहे. या दिव्यात काहीही झाकलेले नाही. स्प्रिंग का ताणली, दांडा का थांबला, हे आपल्या डोळ्यांसमोर घडते, आणि एका बोटाने ढकललेला दिवा जिथे सोडाल तिथे उभा राहतो. खाली येणाऱ्या दांड्याबद्दल विचारावेसे वाटते: होल्डरमध्ये सध्या कोणता बल्ब आहे?

उत्तर २ (परभणी)
सौंदर्याविषयी वाद नाही, परंतु आपल्याकडे असा दिवा वकील-डॉक्टरांच्याच टेबलावर असे. आमचा अभ्यास भारनियमनाच्या काळात कंदिलावर झाला, त्यामुळे त्या उजेडाची आठवण मला तरी इतकी गोड नाही. असो. मुद्दा सुरक्षिततेचा आहे. जुन्या दिव्यांत कापडी आवरणाची रबरी वायर असते आणि ते रबर वर्षानुवर्षे तापून कडक होते, वाकवले की तडकते. दिव्याचे सगळे अंग धातूचे असल्याने तडकलेली वायर दांड्याला टेकली तर हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. तेव्हा सर्वांत आधी प्लग काढून ठेवा, नवी तीन तारांची वायर घाला, त्यातली अर्थिंगची हिरवी तार बैठकीला नटाने घट्ट जोडा आणि भिंतीतील अर्थिंग खरोखर चालू आहे ना, हे तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तीन भोकांचे सॉकेट असते, मागे तार मात्र नसते!

प्रश्नकर्ता
उत्तर १ साठी: सीएफएल होता, जुना, खाली चोकचा मोठा गड्डा असलेला.

उत्तर १
मग दोष स्प्रिंगांचा नसावा. त्या साध्या काचेच्या बल्बच्या वजनाला जुळवलेल्या असतात. टोकाला जड सीएफएल लावला की तोल बिघडतो. पिवळ्या उजेडाचा, वजनाला हलका एलईडी बल्ब लावा. सांध्यांचे नट जरासेच आवळा. जास्त आवळले तर दांडा थांबेल, पण हालचालीतली मऊ गंमत जाईल. आतला तपकिरी रंग खरवडू नका.

प्रश्नकर्ता
वायर बदलली, हिरवी तार जोडली, हलका बल्ब लावला. रात्रभर दांडा वर करून ठेवला होता; सकाळी शेड तिथेच होती. वायरमनला दाखवले, तर त्याने दोन-चारदा दांडा खालीवर केला आणि विचारले, "विकायचा आहे का?"